मधला प्लग

प्लगचं पोर्सलिन फुटतं तेव्हा फार लहान आवाज होतो. हातातून कप निसटला तर शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतं. इथं नुसतं ‘टिक’ झालं, पाना एकाएकी हलका लागला आणि एक पांढरा तुकडा घरंगळत इंजिनाच्या फटीत गेला. रविवारची सकाळ होती. बॉनेट उघडं. अंगणात पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर दोन प्लग शेजारी शेजारी ठेवलेले. मधला प्लग मात्र अजून जागेवरच होता, आणि आता त्याचं डोकं उडालं होतं.

मी पाना खाली ठेवला आणि पायरीवर जाऊन बसलो. नुकसान मोठं नव्हतं. शे-दोनशे रुपयांची वस्तू. पण मनगटात अजून तो क्षण होता. धातूनं नको म्हटलं होतं, मला ते जाणवलं होतं, आणि तरीही मी आणखी जोर लावला होता.

गाडी मारुती ८००, १९९७ सालची, कार्बोरेटरची. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. १९८३च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत बनायची थांबली. त्या तीस वर्षांत आपल्याकडच्या किती घरांनी पहिल्यांदा दार लावून, काच खाली करून, मागच्या सीटवर मुलांना बसवून प्रवास केला तो हिच्यातून. आमच्या घरानंही. म्हणून ती अजून आहे, आणि म्हणून तिचं किरकोळ काम मी स्वतःच्या हातानं करतो.

आदल्या आठवड्यात वैभववाडीहून कोल्हापूरला परतताना करूळ घाटात तिनं दम टाकला. सपाटीवर ठीक होती. चढ लागल्यावर ॲक्सिलरेटर दाबावा तर पुढं जाण्याऐवजी थरथरायला लागली. दुसऱ्या गिअरवर कशीबशी गगनबावड्याला पोचलो. चहाच्या टपरीपुढं गाडी चालूच ठेवून उभा राहिलो, तर आवाजात एक खाडा ऐकू येत होता. तबलजीनं ठेका धरावा आणि दर आवर्तनात एक बोल गिळावा, तसा. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करत होती.

घरी आल्यावर जुनी रीत वापरली. चालू इंजिनावर, रबरी मूठ असलेल्या पकडीनं, एकेका प्लगची वायर क्षणभर उपसायची. पहिली उपसली, इंजिन आणखी लंगडं झालं. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. तिसरी उपसली, तेच. मधली उपसली आणि काहीच फरक पडला नाही. आधीच न राबणाऱ्याला कामावरून काढलं तर काम अडणार कुठून? तिघांतला एक भाऊ बसून होता आणि बाकीचे दोघं त्याचंही ओझं घेऊन घाट चढून आले होते.

प्लगचं काम किती असतं हे आकड्यांत मांडून पाहिलं की मला दर वेळी नवल वाटतं. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकतो. दोन तासांच्या प्रवासात पावणेदोन लाखांच्या वर ठिणग्या. प्रत्येक ठिणगीला हजारो व्होल्टचा दाब, आणि तिच्यापाठोपाठ दोन हजार अंशांच्या वर जाणारी ज्वाळा. हे सगळं चालतं मिलिमीटरभरसुद्धा नसलेल्या फटीत. एत्येन लन्वार या बेल्जियन माणसानं १८६० साली आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. पुढं १९०२मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डनं उच्च दाबाच्या मॅग्नेटोबरोबर आजच्या धर्तीचा प्लग तयार केला. तेव्हापासून आजपर्यंत प्लगचं मूळ रूप फारसं बदललेलं नाही: मध्ये एक दांडी, तिच्याभोवती पोर्सलिन, बाहेर आट्यांचं पोलादी कवच आणि खाली वाकवलेलं एक बोट. १९५१मध्ये बंगळूरला ‘मायको’ कंपनी उभी राहिली आणि आपल्या दुकानांत प्लगचं नावच ‘मायकोचा प्लग’ असं रूढ झालं. कंपनीचं नाव २००८मध्ये बदललं, तरी जुनी गिऱ्हाइकं अजून तेच नाव घेऊन मागतात.

माझ्या वयाच्या माणसांना प्लग हा शब्द ऐकला की चारचाकी नाही, चेतक आठवते. किंवा लुना. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या त्या इंजिनांचा प्लग वरचेवर काळा व्हायचा. डिकीत एक जादा प्लग, एक प्लग-पाना आणि काचकागदाचा चतकोर तुकडा नसेल तर माणूस घराबाहेर पडायचा नाही. किक मारून मारून घामाघूम झालेला गृहस्थ, ऑफिसचे कपडे सांभाळत, रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून प्लग घासतोय, हे दृश्य पुण्यात, साताऱ्यात, नगरमध्ये रोजचं होतं. मग तो प्लग घासून, फुंकर मारून, फट डोळ्यांनीच मापून परत बसवायचा. त्या पिढीचे हात प्लगशी बोलायला शिकलेले होते. आणि वरचेवर उघडला जाणारा प्लग कधी अडकून बसत नसे, हेही तितकंच खरं.

तर रविवारी मी प्लग काढायला घेतले. पहिला सहज आला. टोकावरचा रंग बिस्किटासारखा, फिका तपकिरी. आरोग्य उत्तम. वैद्य जीभ बघतो तसा प्लग बघायचा असतो. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओली तेलकट काळी असेल तर रिंगमधून किंवा व्हॉल्व्हपाशी ऑइल वर येतंय, पांढराफटक आणि फोड आल्यासारखा असेल तर इंजिन जास्त तापतंय. तिसरा प्लगही आला, जरा काळपट होता, पण चालण्यासारखा. मधला मात्र पाव फेरासुद्धा हलेना.

इथं मी जे केलं ते करू नये. पान्याच्या दांडीत हातभर लांबीचा पाइप घातला आणि एका बाजूनं ओढला. पाइपनं जोर वाढतो हे खरं, पण पानाही कलतो. कललेल्या पान्याची कड पोर्सलिनवर टेकली आणि ते तुटलं. ज्याला आपण चिनी माती म्हणून सोडून देतो ते खरं तर ॲल्युमिनिअमचं ऑक्साइड असतं, कडक भट्टीत भाजलेलं. ज्या हेडमध्ये तो प्लग बसतो ते हेडही ॲल्युमिनिअमचंच. एकाच धातूची ही दोन रूपं. भाजलेलं रूप दोन हजार अंशांच्या ज्वाळेपुढं टिकतं, पण आडव्या धक्क्यानं फुटतं. न भाजलेलं मऊ, वाकणारं, पण पोलादानं घासलं की सोलून निघणारं. त्या दोघांच्या मध्ये १४ मिलिमीटर व्यासाचं एक पोलादी कवच, त्यावर सव्वा मिलिमीटर अंतराचे पंधराएक आटे. माझा सगळा जोर त्या पंधरा आट्यांवर होता.

उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा आवाज आणि साच्यातल्या मातीचा वास अजून आहे, आणि हातानं धातू ओळखणारी माणसंही आहेत. मिस्त्रींचं वय सत्तरीच्या पलीकडचं. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, खासबागच्या मातीचा अभिमान असलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दोन सिलिंडरवर खुडूखुडू करत त्यांच्याकडं नेली. मधल्या प्लगची वायर मोकळी सोडली नव्हती, बॉडीला टेकवून बांधली होती. त्यांनी आधी तेच पाहिलं आणि मान हलवली.

“कुणी बसवला हुता ह्यो?”

मी सांगितलं. चार वर्षांपूर्वी, एका गॅरेजात, दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी गाडी टाकली असताना त्यांनी प्लगही बदलले होते. मी समोर नव्हतो. संध्याकाळी गाडी मिळाली, बिल मिळालं.

मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात खाली वाकून बराच वेळ पाहिलं. मग कंबर सरळ करत म्हणाले, “सर, काढताना न्हाई अडकला ह्यो. बसवतानाच अडकलाय. तुम्हाला आज कळलं, एवढंच.”

हे वाक्य मी आजवर कितीदा तरी मनात फिरवलं आहे. अडकलेल्या प्लगकडं बघताना सगळं लक्ष काढणाऱ्याच्या हाताकडं असतं: त्यानं किती जोर लावला, कोणता पाना घेतला, धीर धरला की नाही. पण दोष बहुतेक वेळा चार वर्षं जुना असतो. कुणीतरी प्लग तिरका धरून पहिला आटा चुकवलेला असतो आणि हवेच्या बंदुकीनं तो धडाधड आत रेटलेला असतो. बंदूक चाकाच्या नटासाठी असते. तिला हाताची जाणीव नसते. तिरका आटाही ती आत नेते, कारण पोलाद जिंकतं आणि ॲल्युमिनिअम हरतं. वरून सगळं ठीक दिसतं. गाडी चालू होते, गिऱ्हाईक पैसे देतं, आणि तो चुकलेला आटा आत गप्प बसून राहतो.

मला राग आला होता. अजूनही येतो. प्लग हातानं बसवायला तीन मिनिटं जास्त लागतात, तेवढीच. तेवढी तीन मिनिटं द्यायला ज्याला जमत नाही त्यानं दुसऱ्याचं इंजिन उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिस्त्रींनी मात्र रागावर वेळ घालवला नाही. कॉम्प्रेसरची हवा मारून प्लगची खोबण साफ केली. फुटलेल्या पोर्सलिनचे कण, धूळ, वाळूचा एकेक दाणा उडून गेला. प्लग हलायच्या आत हे करायलाच हवं, कारण प्लग निघाला की त्या भोकाखाली थेट पिस्टन असतो. मग गंज सोडवायच्या स्प्रेचं लांब नळकांडं आत घालून त्यांनी प्लगच्या मुळाशी फवारा सोडला. पूर्वी यासाठी रॉकेल वापरायचे. “आता जावा घरला,” ते म्हणाले. “त्याला रातभर पिऊ द्या.”

रात्री जेवताना मी ही हकीकत घरात सांगितली, तर बायको म्हणाली, “पेल्यात पेला अडकतो तसंच की.” अगदी तसंच. स्टीलचा पेला दुसऱ्यात घट्ट बसला की ओढून निघत नाही. वरच्यात गार पाणी ओतायचं, खालचा गरम पाण्यात धरायचा, आणि दोघं आपणहून सुटतात. प्लगचं गणित यापेक्षा थोडं अवघड आहे, पण मूळ तेच. ॲल्युमिनिअम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन ६० अंशांनी तापलं तर १४ मिलिमीटरचं भोक प्लगपेक्षा साधारण एक शतांश मिलिमीटर जास्त मोठं होतं. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. पण आट्यांच्या जगात तेवढी जागा म्हणजे मोकळा रस्ता.

मग गरम इंजिनावरच प्लग का काढू नये? इथं जाणकारांत मतभेद आहेत. प्लग बनवणारे बजावतात की इंजिन पूर्ण गार होऊ द्या, कारण तापलेल्या ॲल्युमिनिअमचे आटे ओरबाडले जायला वेळ लागत नाही. जुने मिस्त्री म्हणतात, पार गार झालेला अडकलेला प्लग दगडासारखा असतो. अमेरिकेत २००४ नंतरच्या काही वर्षांत फोर्डच्या ५.४ लिटरच्या व्ही-८ इंजिनांत हा प्रश्न फार मोठा झाला होता. तिथला प्लग दोन भागांचा, लांब नळीचा. नळीवर काजळी चढून तो हेडमध्ये धरला जायचा आणि काढताना मधूनच तुटायचा. शेवटी कंपनीनंच मेकॅनिकांना लेखी पद्धत दिली: इंजिन गार असू द्या, प्लग आधी पाव फेऱ्याच्या आतच सैल करा, वरून काजळी विरघळवणारं द्रावण सोडा, निदान पंधरा मिनिटं थांबा, आणि मग मागं-पुढं करत काढा. एवढ्या मोठ्या कंपनीलाही अखेर ‘थांबा’ हेच लिहून द्यावं लागलं.

मिस्त्रींचा मार्ग या दोन्हींच्या मधला होता. सकाळी त्यांनी गाडी दोन-तीन मिनिटंच चालू केली आणि बंद केली. हेडला पालथा हात लावून पाहिलं. “कोमट,” म्हणाले. “तान्ह्या पोराच्या अंघोळीचं पाणी असतं का न्हाई, तेवढंच.” कोमट असताना पुन्हा स्प्रे सोडला. इंजिन निवताना आटे आकसतात आणि तेल आत ओढून घेतात, असं त्यांचं म्हणणं. अर्धा तास आम्ही चहा घेत बसलो. त्या अर्ध्या तासात त्यांनी दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावला नाही. 

मग त्यांनी टी-पाना घेतला. दोन्ही बाजूंना सारख्या दांड्या असलेला, म्हणजे दोन्ही हातांचा जोर समान पडतो आणि पाना कलत नाही. पाना प्लगवर नीट बसल्याची त्यांनी बोटांनी चाचपून खात्री केली. आणि उलट दिशेनं, म्हणजे आवळण्याच्या दिशेनं, किंचित दाबला.

मी न राहवून म्हणालो, “मिस्त्री, तुम्ही आवळताय.”

“व्हय. सोडवायचा म्हणून आवळतोय.”

केसभर. त्याहून जास्त नाही. आतून ‘कट्ट’ असा आवाज आला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदाच सैल झाला. काजळीची पकड मोडली होती. आता सोडवण्याच्या दिशेनं फेऱ्याचा आठवा भाग. मग परत आत. पुन्हा थोडं बाहेर, थोडं आत. मध्येच कोरडा, किंचाळल्यासारखा आवाज आला की थांबायचं, स्प्रेचे दोन थेंब सोडायचे, वाट बघायची. त्या किंचाळण्याचा अर्थ धातू धातूला सोलतोय. अनेकांना वाटतं, आवाज येतोय म्हणजे निघतोय. रविवारी मलाही तसंच वाटलं असतं.

मराठीत स्क्रूला पेच म्हणतात आणि अडचणीलाही पेच म्हणतात. कुस्तीत पेच टाकतात, पतंगाचे पेच लढवतात. मिस्त्रींना हे मी बोलून दाखवलं तर ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, “पेचात सापडलेल्या गड्यानं नुसती ओढाताण केली तर हात निखळतोय. जिकडं त्यो ढकलतोय तिकडं जरा जायाचं. त्यो फसतोय, मग सुटायचं.” त्यांनी कुस्ती सोडून पन्नास वर्षं झाली होती. मनगटातलं ते शिक्षण तिथंच होतं, फक्त आता ते पोलादाशी चाललं होतं.

दीड तास लागला. शेवटचे चार आटे सर्वांत वाईट होते. आणि प्लग बाहेर आला तेव्हा तो एकटा आला नाही. खालच्या आट्यांत चांदीसारखी चमकणारी ॲल्युमिनिअमची वेटोळी गुंतलेली होती. पहिला आटा स्वच्छपणे तिरका कापलेला. चार वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळची खूण आम्हाला हातात धरून बघता येत होती. मिस्त्रींनी ती वेटोळी नखानं उचलून माझ्या तळहातावर ठेवली. वजन म्हणाल तर काहीच नाही.

“आटे गेले,” ते म्हणाले. मराठी गॅरेजात याहून जड वाक्य नाही.

आता दोन वाटा होत्या. एक, हेड खोलून लेथवर न्यायचं, भोक मोठं करून त्यात पितळी बुश बसवायचा. पूर्वी असंच करत. दुसरी, जागेवरच नवे मोठे आटे पाडून त्यात हेलिकॉइल घालायची. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग, जिच्या बाहेरच्या अंगाला नवे आटे धरतात आणि आतल्या अंगाला जुन्या मापाचे आटे तयार मिळतात. जागेवर काम करण्यात धोका एकच, कापलेला चुरा सिलिंडरमध्ये पडू शकतो. मिस्त्रींनी टॅपच्या चारी खाचांत ग्रीस भरलं. एखादा फेरा फिरवायचा, बाहेर काढायचा, चुऱ्यानं भरलेलं ग्रीस पुसायचं, नवं भरायचं. पुन्हा एखादा फेरा. मोजून सोळा वेळा तो टॅप बाहेर आला. मी मोजत होतो कारण दुसरं काही करायची माझी लायकी त्या वेळी नव्हती.

मग त्यांचा नातू पुढं आला. आयटीआय झालेला, विशीचा पोरगा. त्यानं मोबाईलला जोडायचा बारीक नळीचा कॅमेरा आणला होता. प्लगच्या भोकातून तो आत सोडला आणि स्क्रीनवर पिस्टनचा माथा दिसला. काळसर, गोल, उजेडात चंद्रासारखा. एका कडेला दोन चमकते कण. पोरानं बारीक पाइपनं ते ओढून घेतले, पुन्हा कॅमेरा घातला, पुन्हा पाहिलं. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन डोळ्यांजवळ धरली. “आमच्या वेळंला हे असतं तर,” एवढंच म्हणाले. त्यानंतर हेलिकॉइल बसली. मग तिन्ही प्लग बाहेर असतानाच पोरानं स्टार्टर मारून इंजिन फिरवलं, म्हणजे उरलासुरला काही कण असेल तर हवेबरोबर बाहेर पडेल.

नवा प्लग बसवताना त्यांनी जे केलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. पाना घेतलाच नाही. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा घेतला, प्लगच्या डोक्यावर चढवला आणि त्या रबरानं प्लग भोकात सोडला. आधी उलटा फिरवला. उलटा फिरवताना आट्याचं तोंड जिथं येतं तिथं प्लग किंचित खाली बसल्यासारखा होतो. बोटाला एक बारीक ‘टक’ जाणवते. तिथून मग सरळ फिरवायचा. आटा चुकला तर रबर प्लगवर नुसतं घसरतं, पुढं रेटत नाही. म्हणजे चूक करायची ताकदच त्या रबरात नसते. प्लग पूर्ण खाली, वॉशर टेकेपर्यंत रबरानंच गेला. त्यानंतर पान्यानं अर्धा फेरा, नव्या वॉशरला पुरेल इतकाच. मी विचारलं, आट्यांना ग्रीस लावू नये का, म्हणजे पुन्हा अडकणार नाही. ते म्हणाले, पूर्वीच्या काळ्या प्लगला लावायचो, आता वर निकेलचा मुलामा असतो, कोरडाच बसवायचा. ग्रीस लावलं की हात फसतो, वाटतं त्यापेक्षा जास्त आवळला जातो. प्लग बनवणारेही बहुतेक हेच सांगतात.

गाडी सुरू केली. तिन्ही भाऊ एकदम उठले. तो खाडा गेला होता.

यानंतर मी ओळखीच्या अनेकांना विचारत सुटलो, की तुमच्या गाडीचे प्लग शेवटचे कधी काढले. बहुतेकांना माहीत नव्हतं. आजच्या अनेक गाड्यांचे इरिडियमचे प्लग लाख किलोमीटर चालतात आणि ते कॉइलखाली, खोल विहिरीत असतात, म्हणून कुणी बघत नाही. साध्या प्लगचा जमाना होता तेव्हा दर दहा-पंधरा हजार किलोमीटरला तो हातात यायचा. लाख किलोमीटर न उघडलेला प्लग जेव्हा उघडायची वेळ येते तेव्हा तो कसा बसवला होता हेच सगळं ठरवतं. विजेच्या गाड्यांना प्लगच नाही, त्यामुळं हे ज्ञान आणखी एका पिढीनंतर लागणारही नाही कदाचित. पण आज रस्त्यावर धावणाऱ्या पेट्रोलच्या गाड्यांना ते लागतं, आणि ते जाणणारे हात सत्तरीत आहेत. मिस्त्रींचा नातू त्यांच्याशेजारी उभा राहून शिकतो आहे याचं मला फार बरं वाटलं. अशा पोरांना गॅरेजमालकांनी ती तीन मिनिटं द्यायला हवीत. बिलात त्याचे वेगळे पैसे लावले तरी मी देईन.

आणि गाडी ज्यांची आहे त्यांना एक विनंती: प्लग बदलायचे असतील त्या दिवशी समोर उभे राहा. पहिले आटे बोटांनी फिरवायला सांगा. ते सांगण्यात कुणाचा अपमान नाही.

निघताना मिस्त्रींनी मार्करनं बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटर लिहिले आणि खाली एक ओळ: ‘मधल्यात हेलिकॉइल. हातानं बसवला आहे.’ मी विचारलं, हे कुणासाठी? म्हणाले, “फुडं जो उघडंल त्याच्यासाठी.”

सहा महिन्यांनी मीच उघडला. इंजिन गार, खोबण साफ, टी-पाना, दोन्ही हात सारखे. पहिला पाव फेरा पान्यानं आला आणि बाकीचे सगळे बोटांनी. टोकाचा रंग बिस्किटासारखा होता.